तबकडीवर नसलेले नाव

परमेश्वर काही माणसांना कंठ देतो आणि काहींना कान. आमच्या वाट्याला केवळ कान आले. सेमिनरीत गायनाच्या शिक्षकांनी आम्हांला पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या रांगेतून चौथ्या रांगेत बसवले आणि तेथून, मोठ्या सन्मानाने, गीतपुस्तके वाटण्याच्या कामावर नेमले, एवढे सांगितले म्हणजे सुज्ञ वाचकांना आमच्या कंठाची कल्पना यावी. आजही मिस्सेत आम्ही सूर धरला की आमच्या धर्मग्रामाचा पेटीवादक पेटीचा भाता हळूच मिटतो आणि आमचे होईपर्यंत खाली मान घालून बसतो. परंतु ज्याला गाता येत नाही त्याने ऐकूही नये, असा काही दंडक नाही. गेली पन्नासएक वर्षे आम्ही ऐकत आलो आहोत. मैफली ऐकल्या, तबकड्या जमवल्या, आणि या छंदापायी एकदा एक अपराधही करून बसलो. त्या अपराधाची हकिगत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बालपण वसईच्या एका वाडीत गेले. घरी फोनो नव्हता. गाणे यायचे ते लग्नसराईत. आदल्या दिवशी माईकवाला सायकलवर कर्णा, पेटी आणि तारांची भेंडोळी लादून यायचा. माडाला कर्णा बांधला की आम्हां पोरांचे भान हरपायचे. इतर मुले कर्ण्याखाली नाचत, आम्ही मात्र माईकवाल्याच्या पेटीशेजारी उकिडवे बसून फिरत्या तबकडीकडे टक लावून पाहत असू. ४५ फेऱ्यांच्या त्या छोट्या तबकड्या होत्या. एकीवर दोनदोन, चारचार चित्रपटगीते. एके दिवशी आमची निष्ठा पाहून त्याने आम्हांला तबकडी उलटण्याचा मान दिला. मात्र आधी ताकीद दिली : “कडेला धरायची. पोटाला बोट लागता कामा नये.” आयुष्यात आम्हांला पुढे अनेक गुरू लाभले, पहिला हा.

पुढे धर्मगुरूपदाच्या शिक्षणासाठी आम्ही पुण्यात गेलो आणि तेथे आम्हांला मैफलीचे वेड लागले. पुण्यात डिसेंबर महिन्यात सवाई गंधर्व महोत्सव भरतो, हे कोणीही सांगेल. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून हा महोत्सव उभा केला. त्या काळी तो रमणबागेच्या मैदानावर भरे आणि रात्ररात्र चाले. १९९० च्या डिसेंबरात आम्ही प्रमुख धर्मगुरूंकडे शेवटच्या रात्रीची परवानगी मागितली. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि एकच अट घातली : सकाळच्या मिस्सेला वाचन तुमच्याकडे आहे, तेव्हा तुम्ही हजर असलेच पाहिजे. आम्ही आनंदाने होकार दिला. अट किती अवघड आहे हे आम्हांला पहाटे कळले.

सायकल हाणीत आम्ही रमणबागेत पोहोचलो. खाली वर्तमानपत्र, अंगावर घोंगडी, शेजारी अनोळखी कुटुंब आणि त्यांच्या थर्मासमधला चहा, जो मध्यरात्रीनंतर आमच्याही वाट्याला आला. तोपर्यंत आम्ही गाणे कर्ण्यातून किंवा आकाशवाणीवरून ऐकलेले. गाणे हे माणसाच्या देहातून निघते, त्याला घाम येतो, घसा खाकरावा लागतो, एखादी जागा हुकते व मग तिचा पाठलाग करावा लागतो, हे आम्ही त्या रात्री प्रथमच पाहिले. सांगता भीमसेनजींच्या गाण्याने व्हायची, असा त्या काळचा रिवाज. ते गाऊ लागले तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्हांला वाटले, आता याहून पुढे काही असू शकत नाही.

पण पुढे काही होते. गाणे संपले, माणसे उठतील असे वाटले, तोच व्यासपीठावरून सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावण्यात आली. महोत्सवाचा शेवट तिनेच करायचा, अशी तेथील परंपरा आहे. रात्रभर जिवंत कंठांनी गाजलेल्या त्या मंडपात अखेरचा शब्द मिळाला तो खरखरणाऱ्या तीन मिनिटांच्या तबकडीला. हजारो माणसे स्तब्ध होती. गुरू देहाने नव्हते आणि शिष्य बाजूला बसून त्यांना ऐकत होता. भीमसेनजींनी बालपणी गदगमध्ये उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवरच ऐकली, तिने झपाटून जाऊन अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडले आणि अखेर खाँसाहेबांचे शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांपाशी ते पोहोचले, ही कथा आम्हांला नंतर समजली. म्हणजे तबकडीने त्यांना माणसाकडे धाडले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे; आमच्या बाबतीत नेमके उलटे घडायचे होते.

मिस्सेला आम्ही वेळेवर पोहोचलो. वाचनासाठी उभेही राहिलो. मात्र डोळ्यांवरच्या झापडीने पुस्तकाची पाने भलतीकडे उलटली आणि आगमनकाळ चालू असताना आम्ही पुनरुत्थानकाळातील वाचन खणखणीत आवाजात वाचून मोकळे झालो. न्याहारीच्या वेळी प्रमुख धर्मगुरू एवढेच म्हणाले, “संगीताने तुम्हांला नाताळ ओलांडून थेट पास्काच्या सणापर्यंत नेलेले दिसते.” पुढील वर्षी त्यांनी परवानगी दिली, पण वाचन दिले नाही.

१९९६ साली आम्हांला गुरुदीक्षा मिळाली आणि वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात आम्ही सहायक म्हणून रुजू झालो. त्या सुमारास घरोघरी कॅसेट पोहोचली होती, सीडी येऊ लागली होती आणि तबकड्या लोकांना अडगळ वाटू लागल्या होत्या. ज्या वस्तू एके काळी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असत, त्या भंगारवाल्याच्या काट्यावर जात होत्या. तुटपुंज्या मानधनात राजेशाही छंद करण्याची संधी इतिहासात क्वचितच येते. आम्ही ती साधली. सुटीच्या दिवशी लोकलने मुंबईत जायचे, चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर धुळीने माखलेल्या गठ्ठ्यांपुढे बसायचे आणि संध्याकाळी काळ्या बोटांनी व हलक्या खिशाने परतायचे, असा आमचा क्रम झाला.

या छंदाचेही एक शास्त्र आहे व ते आम्ही ठेचा खात शिकलो. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी तबकडी मुख्यत्वे लाखेची. पडली की फुटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. तासभर फुलणारा राग गवयांनी तेवढ्यात कसा बसवला असेल, याचे नवल वाटते. १९४८ साली अमेरिकेत व्हिनिल नावाच्या प्लॅस्टिकची, मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्या तर वाकतात. उन्हात ठेवू नयेत. वसईच्या पावसाळ्यात वरचेवर उघडून पुसाव्यात, नाहीतर बुरशी खाचांत शिरते. बुरशी काढण्यासाठी व्हिनिलवर आम्ही स्पिरिट वापरले व ते लाभले. त्याच हुरुपाने एक लाखेची तबकडीही स्पिरिटने पुसली. पाहता पाहता तिच्या खाचा पुसट झाल्या, बोळा तपकिरी झाला आणि गाणे नाहीसे झाले. त्याच आठवड्यात चर्चचे बाक घासून पॉलिश करायला आलेल्या सुताराला आम्ही ती दाखवली. तो हसून म्हणाला, “फादर, चपडा लाख स्पिरिटमध्येच तर विरघळवतात. मला विचारायचं होतं.” ईश्वरविज्ञानाच्या चार वर्षांत हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

जमवता जमवता वाचनही वाढले. तबकड्यांच्या इतिहासातील एक योगायोग येथे सांगण्याजोगा आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक १९०२ च्या एप्रिलमध्ये आपल्या भावासह रोमला गेला आणि व्हॅटिकनमध्ये त्याने सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदाचा व अलेस्सांद्रो मोरेस्की या गायकाचा आवाज मुद्रित केला. तोच गाइसबर्ग त्याच वर्षी बोटीने हिंदुस्थानात आला आणि नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यात त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. पोपमहाशयांच्या गायकवृंदाला आणि कलकत्त्याच्या गायिकेला एकाच माणसाने, एकाच वर्षात, एकाच कर्ण्यापुढे उभे केले. गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. मुद्रण येथे व्हायचे, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कामगारांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे हे कळावे म्हणून ही घोषणा. आपल्याकडील तबकडीचा आरंभ असा झाला : गाणाऱ्याने आपले नाव आपल्याच तोंडाने सांगून. हे आम्हांला फार आवडत असे आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते ऐकवत असू.

ऐकणाऱ्यांपैकी एक आमच्या धर्मग्रामातील वृद्ध मास्तर होते. गोव्यातल्या धर्मग्रामाच्या शाळेत व्हायोलिन शिकून ते तरुणपणी मुंबईत आले व पंचवीसेक वर्षे चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत वाजवून निवृत्तीनंतर आमच्याकडील एका नव्या इमारतीत राहू लागले. रविवारी माडीवर गायकवृंदाबरोबर त्यांचे व्हायोलिन असे. आमची गौहरजानची गोष्ट ऐकून ते म्हणाले, “त्यांना बरं, फादर. आम्हांला नाव सांगायला कोणी माईकच दिला नाही.”

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ती वस्तुस्थिती होती. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत स्वरलिपी वाचून वाजवू शकणाऱ्या वादकांत गोव्याच्या कॅथलिक बांधवांचा भरणा मोठा होता. शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढवणारे सेबास्तियन डिसोझा किंवा मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही नावे आज जाणकार आदराने घेतात. गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदुस्थानी राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात केला, त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. त्याची गोष्ट मास्तर रंगवून सांगत. पण त्या काळच्या तबकडीच्या वेष्टनावर नावे असत ती गायकाची, संगीतकाराची, गीतकाराची. मागे बसलेल्या पन्नास वादकांना जागा नव्हती. गोन्साल्विसांचे शिष्य प्यारेलाल यांनी मात्र १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात गुरूंचे संपूर्ण नाव ठेवून ऋण फेडले. मास्तरांना असा शिष्य नव्हता. आम्ही हे सारे ऐकत होतो, माना डोलावत होतो. आणि तरीही पुढे जे केले ते केलेच.

१९९९ साली मास्तर देवाघरी गेले. पुढल्या वर्षी त्यांच्या पत्नी (आम्ही त्यांना मावशी म्हणत असू) आमच्याकडे आल्या. मुलगा आखातात, घर लहान; तबकड्यांचे दोन खोके अडचण करत होते. म्हणाल्या, “फादर, भंगारवाला किलोवर मागतो. तुमच्याकडे राहिल्या तर वाजतील तरी.” मोबदला घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. आम्ही खोके माडीवर आणले, कुलूप लावून बसलो आणि एकेक तबकडी काढून पाहिली. बहुतेक जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या. आमची घोर निराशा झाली. आम्ही त्या वेळी शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. चित्रपटगीत म्हणजे लग्नाच्या कर्ण्यातील वस्तू, हे बालपणीचे ऋण विसरून आम्ही तसे मानू लागलो होतो.

त्याच सुमारास मटण स्ट्रीटवरील एका विक्रेत्याकडे केसरबाई केरकर यांची ७८ फेऱ्यांची तबकडी आली. केसरबाई गोव्यातील केरीच्या. आकाशवाणीवर गाण्यास त्या राजी नसत. ध्वनिमुद्रिकाही त्यांनी मोजक्याच दिल्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली, त्यांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर साऱ्या मानवजातीच्या वतीने जे संगीत पाठवले गेले, त्यात हिंदुस्थानी संगीताच्या वतीने केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान सप्टेंबरच्या ५ तारखेला सुटले आणि १६ तारखेला केसरबाईंनी देह ठेवला. अशा कंठाची तबकडी आपल्या कपाटात असावी, या मोहाने आम्हांला झोप लागेना. विक्रेत्याने सांगितलेली किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. शेवटी तो म्हणाला, “फिल्मी असतील तर द्या, अदलाबदल करू.” पुढच्या सोमवारी मास्तरांच्या चाळीस तबकड्या आम्ही पिशवीत भरून नेल्या आणि केसरबाईंना घेऊन परतलो. परतीच्या गाडीत आमच्यासारखा सुखी मनुष्य अन्य नव्हता.

वर्षभराने मास्तरांच्या पुण्यतिथीची मिस्सा सांगण्यासाठी मावशी आल्या. नोंद झाली, मिस्सादान दिले, तरी त्या उठेनात. मग जरा संकोचून म्हणाल्या, “फादर, त्यांतली एक रेकॉर्ड लावाल का?” त्यांनी चित्रपटाचे नाव सांगितले. “कव्हरच्या मागे पेन्सिलीने छोटा क्रूस असेल. ज्या गाण्याला ते वाजवायला होते, त्या रेकॉर्डवर ते क्रूस काढायचे. एरवी कळणार कसं?”

वाचकहो, क्रूस आम्ही पाहिले होते. अनेक वेष्टनांवर पाहिले होते. ज्याच्या गळ्यात क्रूस आहे आणि ज्याच्या हातून दररोज क्रूसाची खूण होते, त्या मनुष्याने, विक्रेता भाव पाडील म्हणून, त्या खुणा रबराने पुसल्या होत्या. आता आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, “मावशी, फोनोची सुई मोडली आहे. नवी आणली की निरोप पाठवतो.” त्या “बरं फादर” म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. मन थाऱ्यावर नव्हते. आपण केलेला व्यवहार योग्यच होता अशी मनाची समजूत घालण्यासाठी आम्ही दार लोटून केसरबाईंची तबकडी लावली. त्या दिवशी प्रथमच ती आम्हांला गोड लागली नाही.

दुसऱ्या सोमवारी आम्ही मटण स्ट्रीटवर गेलो. गठ्ठा केव्हाच विकला गेला होता. त्यानंतर दोनअडीच वर्षे आम्ही त्या एका छोट्या तबकडीचा शोध घेतला. फोर्टच्या पदपथांवर, भंगाराच्या वखारींत, ओळखीच्यांच्या पोटमाळ्यांवर. तेच गाणे कॅसेटवर पन्नास ठिकाणी मिळत होते, आणि ते नेऊन देता आले असते, हे खरे. पण आम्हांला तबकडीच हवी होती. प्रायश्चित्त स्वस्तात उरकावे असे वाटेना. कुमसारात अपराध सांगितला, क्षमाही मिळाली. मात्र ज्यांचा अपराध केला त्यांच्यापुढे जाण्याचे धैर्य होईना. दरम्यान २००२ साली आमची बदली झाली.

तबकडी सापडली ती अनपेक्षित जागी. २००४ च्या मे महिन्यात आमच्या गावी एका लग्नात आम्हांला बालपणीचा माईकवाला भेटला. आता त्याचा मुलगा मोठमोठे स्पीकर आणत होता आणि म्हातारा खुर्चीवर बसून होता. सहज विचारले, जुन्या तबकड्यांचे काय केले? म्हणाला, माळ्यावर आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या माळ्यावर होतो. तिसऱ्या पेटीत ती निघाली. वेष्टन फाटलेले, अंगावर वीसएक वर्षांच्या लग्नांचे ओरखडे. किंमत विचारली तर तो रागावला. तबकडी आमच्या हाती देताना मात्र त्याने जुनी ताकीद दिली, “फादर झालात तरी कडेलाच धरा.”

त्याच आठवड्यात आम्ही फोनो गाडीत घालून मावशींच्या घरी गेलो. आधी सारे सांगितले. अदलाबदल, पुसलेले क्रूस, आणि सुईची थाप. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “सुई मोडली नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं, फादर. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, तेव्हा वर कोणीतरी बाई गात होती.”

तीन वर्षे त्यांना ठाऊक होते. तीन वर्षे त्या दर रविवारी मिस्सेला आल्या होत्या, आमच्या हातून प्रभुभोजन घेतले होते, बदलीच्या वेळी निरोपाच्या समारंभात घरी केलेला बेबिंका आणून दिला होता. ज्या वेळी आम्ही त्यांना टाळत होतो, त्या वेळी त्या आम्हांला सांभाळून घेत होत्या.

आम्ही तबकडी लावली. खरखर फार होती. दोन कडवी झाली आणि शेवटच्या अंतऱ्याआधी व्हायोलिनांची एक लहर आली. दहाबारा सेकंदांची असेल. मावशींनी बोट वर केले. “हे.” लहर विरली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. आम्ही सुई उचलून मागे ठेवली. असे चारपाच वेळा झाले. आम्ही विचारले, “मावशी, त्यात एकटे मास्तर होते का?” त्या हसल्या. “एकटे कसे? बारा जण होते. मी एकालाच ऐकते.”

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “त्या दिवशी गाणारी ती बाई कोण होती?” आम्ही सांगितले : केसरबाई, गोव्याच्या, केरीच्या. “आमच्याकडच्या?” त्यांचे डोळे मोठे झाले. “मग घेऊन या ना एकदा.” पुढच्या खेपेस आम्ही ती तबकडी नेली. मावशींना रागदारी कळत नव्हती, पण त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि संपल्यावर म्हणाल्या, “बाईंच्या मागे तंबोरा कोण वाजवत होतं?” आम्हांला सांगता आले नाही. इतक्या वर्षांत तो प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता.

त्यानंतर आमची ऐकण्याची रीत बदलली. मैफलीला गेलो की आम्ही आधी गायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या मुलांकडे पाहतो. निवेदक त्यांची नावे एकदाच व घाईने सांगतो, ती ऐकण्यासाठी वेळेआधी जाऊन बसतो. आज खिशातल्या फोनवर लक्षावधी गाणी मिळतात, आणि तरुण मंडळी पुन्हा व्हिनिलच्या तबकड्या हौसेने घेऊ लागली आहेत. त्यांना आम्ही इतकेच सांगतो की, कडेला धरा, उभ्या ठेवा, आणि ज्यांचे नाव छापलेले नाही त्यांची चौकशी करा. आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणाऱ्या मेंढपाळावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. ते आम्हांला समजले फार उशिरा, आणि तेही एका विधवेच्या बैठकीच्या खोलीत. आता आमच्या धर्मग्रामात एक वही आहे. नाताळ असो वा पास्काचा सण, त्या दिवशी जो जो गायला, ज्याने पेटी धरली, ज्याने पुस्तके वाटली, त्या प्रत्येकाचे नाव तीत लिहिले जाते. आमचे पेटीवादक म्हणतात, फादर, ही वही वाचतो कोण? कोणी वाचत नाही. पण लिहावी लागते.

माईकवाल्याची ती तबकडी मावशींकडेच राहिली. तिच्या वेष्टनावर त्यांनी आमच्यादेखत पेन्सिलीने छोटा क्रूस काढला. कधीतरी मास्तरांवर लिहीन असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली. “लेखात नाव नको, फादर. मिस्सेत घ्या.” २०११ साली त्याही गेल्या. म्हणून या लेखात ते नाव नाही. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वेदीवरून मृतांची यादी वाचताना आम्ही दोन्ही नावे घेतो. सावकाश घेतो, आणि त्यानंतर क्षणभर थांबतो. दहाबारा सेकंद.